ही सुई कुणाची?

कचरा उचलणाऱ्या जुन्या मंडळींनी दर वाढवले आणि त्या इमारतीत असा काही गहजब झाला की विचारू नका. एरवी गच्चीवरच्या बैठकीला माणसं गोळा करताना चिटणिसांच्या नाकी नऊ येत. त्या संध्याकाळी मात्र खुर्च्या कमी पडल्या. जो तो एकच म्हणत होता, की कचराच तर न्यायचा आहे, त्याला काय सोन्याची टोपली लागते? जुन्या मंडळींचा प्रमुख समजावून सांगायला आला होता. कामगारांना जाड हातमोजे घ्यावे लागतात, लशी टोचून घ्याव्या लागतात, घरातल्या सुया आणि फुटक्या काचा वेगळ्या डब्यातून न्याव्या लागतात, असं काहीबाही तो सांगत होता. चिटणिसांनी त्याला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. बिचाऱ्याने बोलणं आवरतं घेतलं, आणि महिनाअखेर त्याचं काम काढून घेण्यात आलं.

चिटणीस म्हणजे इमारतीचे चिटणीस. विम्याच्या कचेरीत नोकरीला होते, पण घरात बायकोसुद्धा थट्टेने त्यांना चिटणीसच म्हणायची. नियम म्हटला की या माणसाच्या अंगात उत्साह संचारायचा. नवा कंत्राटदार त्यांनीच शोधून आणला. दर कमी, कटकट त्याहून कमी. त्याची अट एकच होती. त्याच्या गाडीत कचरा दाबला जातो, तेव्हा सगळं एकाच पिशवीत भरायचं आणि डबे, बरण्या असलं काही टणक त्यात टाकायचं नाही. चिटणिसांनी हा नियम छापून लिफ्टशेजारी चिकटवला आणि खाली लाल रेघ ओढली. बैठकीत त्यांच्यासाठी टाळ्याही वाजल्या.

आता चिटणिसांच्या घरात डोकावू या. घरात ते, त्यांची पत्नी आणि आई. आई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. इमारतीतली निम्मी मुलं संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत वह्या घेऊन बसत आणि सगळी त्यांना ‘बाई’ म्हणत. बाईंना मधुमेह होता. इन्सुलिनची सुई त्या स्वतःच टोचून घेत. हे फार कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याहून मोठी गोष्ट तर कुणालाच ठाऊक नव्हती. फार वर्षांपूर्वी एका शस्त्रक्रियेत त्यांना रक्त द्यावं लागलं होतं आणि त्यातून ‘ब’ काविळीचा विषाणू त्यांच्या अंगात शिरला होता. तो आता कायमचा मुक्कामाला होता. औषध चालू होतं, तब्येत बरी होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की हा आजार रक्तावाटे पसरतो, सोबत जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने नाही. घरातल्या दोघांनी लस टोचून घेतली आणि विषय मिटला. पण लोकांच्या कानावर गेलं तर? उद्यापासून एक मूल फिरकायचं नाही, आई झुरून जाईल आणि आपल्या घरी कुणी पाणीसुद्धा पिणार नाही, या धास्तीने चिटणिसांनी वर्षानुवर्षं तोंडाला कुलूप लावलं होतं. बाईंना हे पटलेलं नव्हतं, पण मुलाच्या हट्टापुढे त्या गप्प राहिल्या.

वापरलेल्या सुया बाई झाकणाच्या जाड डब्यात टाकत. जुनी मंडळी तो डबा वेगळा नेत आणि बदल्यात रिकामा देत. नवा कंत्राटदार आला, डबा भरला, आणि बाईंनी मुलाला सांगितलं की हा कुठे द्यायचा ते जरा विचार. विचारायचं म्हणजे आमच्या घरात सुया आहेत हे सांगणं आलं. चिटणिसांनी आज-उद्या करत ढकललं. शेवटी सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी सगळा डबा जुन्या वर्तमानपत्रावर उपडा केला, पुडकं बांधलं आणि पिशवीच्या तळाशी सरकवून दिलं. टणक काही टाकायचं नाही, हा नियम तंतोतंत पाळला गेला होता! हात झटकून ते चहा प्यायला बसले.

दोन तासांत बेल वाजली. दारात कंत्राटदाराचा मुकादम उभा होता आणि त्याच्यामागे पिशव्या उचलणारी तरुणी. वय असेल पंचविशीचं. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला, चेहरा पांढराफटक. मुकादम सांगू लागला. गाडीत जागा व्हावी म्हणून ही पिशव्या हाताने दाबत होती. या इमारतीच्या कुठल्याशा पिशवीतून सुई आली ती थेट तळहातात घुसली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन आले, तर डॉक्टर म्हणतात आधी सुई कुणाची ते शोधा. त्या माणसाच्या रक्तात काही आजार असेल तर त्यावरचं वेगळं इंजेक्शन लागलीच द्यायला हवं. ते आजच दिलेलं बरं, उशीर झाला तर उपयोग कमी.

“साहेब, तुम्ही विचारलंत तर लोक खरं सांगतील,” मुकादम म्हणाला.

हो हो, विचारतो की, असं काहीतरी पुटपुटत चिटणिसांनी पायांत चपला सरकवल्या आणि आतल्या आईच्या कानावर काही जाऊ नये म्हणून दार ओढून घेतलं. आणि मित्रहो, मग जे झालं ते बघायला नको होतं. ज्याच्या घरची सुई, तोच माणूस दारोदार विचारत निघाला, की सुई कुणाची!

ती तरुणी काही केल्या खाली थांबेना. प्रत्येक दारापाशी ती दोन पायऱ्या खाली उभी राहायची आणि आतल्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघायची. पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, आमच्याकडे नुसत्या गोळ्या. समोरच्या वहिनी भडकल्याच, आम्ही काय नशापाणी करणारे दिसतो का, असं त्यांनी विचारलं. वरच्या मजल्यावर तर दार उघडण्याआधीच नकार आला. सुई म्हणताच प्रत्येकाला आपल्या घरावर चिखल उडाल्यासारखं वाटत होतं. दर दाराला चिटणिसांना एकच धास्ती होती. आता कुणीतरी म्हणेल, तुमच्या आईंचं काय हो? पण विचारणाऱ्याला कोण विचारणार! ते कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही.

त्याऐवजी बोट भलत्याच्याच दिशेने वळलं. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक तरुण भाडेकरू एकटा राहायचा. रात्रपाळीची नोकरी, दिवसा झोप, कुणात फारसं मिसळणं नाही. झालं, तेवढं पुरे होतं. जिन्यात जमलेल्या बायका-पुरुषांत कुजबुज सुरू झाली, की हो ना, त्याचीच असणार, डोळे बघितलेत का कसे तांबारलेले असतात ते. चिटणिसांना एका शब्दात हे थांबवता आलं असतं. त्यांनी थांबवलं नाही. उलट खालमानेने वर जाऊन त्याची बेल वाजवली. तो झोपेतून उठून आला, खालची गर्दी बघून गोंधळला, आणि काय प्रकार आहे ते कळल्यावर त्याने मुकाट्याने स्वतःच्या बाह्या वर करून दाखवल्या. त्याचे कान लाल झाले होते.

“चिटणीस, तुम्हालाही तसंच वाटतं का?” त्याने विचारलं.

चिटणीस वळले आणि जिना उतरू लागले. खाली येताना ती तरुणी जिन्यातच बसली.

“मला कुणाचं नाव नको, साहेब,” ती म्हणाली. “भांडायला नाही आले मी. नुसतं डॉक्टरांना कळलं की झालं. आता घरी जाऊन पोरीला जवळ घ्यायचीही भीती वाटते हो मला, शेजारणीकडे ठेवलीय ती. माझ्यामुळे तिला काही झालं तर?” आणि मग, कसलाही संशय नसलेल्या सुरात तिने विचारलं, “तुमच्या घरी विचारलंत का?”

“आमच्याकडे नाही,” चिटणीस म्हणाले.

आजवर ते नुसते गप्प होते, आता ते खोटं बोलले होते. मुकादमाने हात टेकले. चला, डॉक्टर देतील ते घेऊ, असं म्हणत तो तिला उठवू लागला. चिटणीस घरात शिरले, दाराला कडी घातली आणि तिथेच पाठ टेकून उभे राहिले.

समोर आई उभी होती. तिच्या हातात रिकामा डबा होता. जिन्यातलं बोलणं भिंतीपलीकडे ऐकू येत नाही, असं समजणारे चिटणीसच वेडे.

“सुया कुठे आहेत?” बाईंनी विचारलं. वर्गात गृहपाठ विचारावा तसा शांत आवाज होता.

चिटणिसांनी कसंबसं सांगितलं. नियमच तसा होता, मी काय करणार, लोकांना कळलं तर तुझी मुलं तुटतील, हे सगळं तुझ्यासाठीच करतोय, असं त्यांचं सुरू झालं. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळे पुसत होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“माझ्यासाठी?” त्या म्हणाल्या. “बाळा, तुला भीती आहे लोक काय म्हणतील याची. तिला भीती आहे आपलं लेकरू जवळ घेऊ की नको याची. कुणाची भीती मोठी, तूच सांग. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले, उत्तर चुकलं तरी चालेल, पण दुसऱ्याचं बघून लिहू नका. आणि तू माझ्या घरची चूक त्या वरच्या मुलाच्या नावावर लिहून आलास. माझ्या रक्तात आजार आहे, रे. मी तो चोरून आणलेला नाही. लाज वाटायची तर ती मला आज वाटते आहे.”

चिटणिसांच्या डोळ्यांपुढून त्या मुलाच्या वर केलेल्या बाह्या हलेनात. त्यांना एकदम हुंदका फुटला. “आई, चुकलो मी!” एवढंच ते म्हणू शकले. बाईंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला खरा, पण तिथे थांबल्या नाहीत. कडी काढून त्या बाहेर पडल्या आणि चिटणीस त्यांच्यामागे धावले.

मुकादमाची गाडी सुरू झाली होती. चिटणिसांनी आडवं होऊन ती थांबवली. फाटकापाशी अजून सगळे घोळका करून उभे होते. पाय लटपटत होते, तरी ते बोलले. सुई आमच्या घरची आहे. पिशवीत मीच टाकली. मघाशी मी खोटं बोललो. मग बाई पुढे झाल्या आणि आपल्याला कोणता आजार आहे ते त्यांनी नाव घेऊन सगळ्यांदेखत सांगितलं. घोळका दोन पावलं मागे सरकला. दोन पावलंच, पण चिटणिसांना ती दिसली. बाईंनाही दिसली असणार. त्या न थांबता गाडीत त्या तरुणीशेजारी जाऊन बसल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाईंकडून सगळी माहिती घेतली आणि त्या तरुणीला नेमकं हवं ते इंजेक्शन तिथल्या तिथे मागवून दिलं, लशीचा पहिला डोसही दिला. वेळेत आलात म्हणाले. बाकी खात्री तपासण्यांनंतर, आणि त्याला काही महिने लागणार होते. तरुणी भिंतीला टेकून बसली होती. बाईंनी तिचा रुमाल गुंडाळलेला हात आपल्या हातात घेतला.

“घरी जा आणि आधी पोरीला मांडीवर घे,” त्या म्हणाल्या. “घरी माझा मुलगा आहे, सून आहे. इतकी वर्षं माझ्या हातचं जेवतात, माझ्या शेजारी बसतात. जवळ घेतल्याने हा आजार होत नाही. कुणी काही म्हणालं तर सांग, मला बाईंनी सांगितलंय.”

तेव्हा कुठे त्या तरुणीला रडू आलं.

चिटणिसांनी त्याच दुपारी वरच्या मजल्यावर जाऊन त्या भाडेकरूची हात जोडून माफी मागितली. तो ‘ठीक आहे’ म्हणाला, पण लगेच हसला नाही, आणि त्याने का हसावं? पुढच्या बैठकीत कंत्राटदाराला बोलावलं. हातमोजे, लशी आणि सुयांसाठी वेगळा डबा हवा, असं चिटणिसांनी सांगितलं. तो म्हणाला, देतो की, पण मग दर जुन्या मंडळींइतकाच पडेल. आपलं जे वाचत होतं ते कुणाच्या कातडीतून वाचत होतं, हे एकेकाला उमगत गेलं. कुणीतरी कुरकुरलं, पण ठराव मंजूर झाला. तो वाढीव दराने झाला, आणि त्या तरुणीचं काम कायम राहील या अटीवर झाला.

बाईंची पुढची खोली काही दिवस रिकामी राहिली. त्या रोज संध्याकाळी दार उघडं ठेवून बसत. मग एक आई मुलीला घेऊन दारात घुटमळली, तिने मनातले प्रश्न विचारले, बाईंनी एकूण एकाचं उत्तर दिलं आणि मुलगी आत येऊन बसली. हळूहळू आणखी काही आली. काही आली नाहीत, ती नाहीच.

ते महिने चिटणिसांनी जीव मुठीत धरून काढले. तरुणीच्या प्रत्येक तपासणीला ते सोबत जात आणि बाहेर बाकावर बसून राहत. झोप उडाली होती, विम्याच्या कचेरीत बेरजा चुकत होत्या. शेवटच्या तपासणीच्या दिवशी ती बाहेर आली आणि हातातला कागद तिने त्यांच्यापुढे धरला. मग ती म्हणाली, “काही नाही निघालं, साहेब.” आणि तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, हा मोठा माणूस ओंजळीत तोंड लपवून लहान मुलासारखा रडला.

मित्रहो, ही पोरगी वाचली, कारण एका घराने शेवटच्या घटकेला का होईना, खरं सांगितलं. सगळ्याच सुयांचे मालक असे पुढे येत नाहीत. आपण दार लावून घेतो तेव्हा आपला कचरा कुणाच्या तरी उघड्या हातात पडलेला असतो. तेव्हा स्वस्त-महाग करण्याआधी त्या हातांचा विचार करा आणि पिशवीला गाठ मारण्याआधी एकदा आत बघा. आजारपण लपवू नका, कुणाला लपवायला भागही पाडू नका. आणि उद्या कुणी आपल्या दारात उभं राहून विचारलं, की ही सुई कुणाची, तर पाय लटपटत असले तरी चालतील, पण सांगा, “आमची.”