उपाशी परतलेली मुंगी

सगळे त्याला मास्तर म्हणायचे, पण त्याच्या वर्गात एकही पोर नव्हतं. तो खाण कंपनीत मुंग्या शिकवायचा. मातीतून सोन्याचा कण आणून ताटलीत टाकला, की नळीतून साखरपाण्याचा एक थेंब. साधा खडा आणला तर काही नाही. मग मुंगी मुकाट्याने परत जायची आणि आधीपेक्षा चांगलं काहीतरी शोधून आणायची. माणसांशी बोलताना त्याची ततपप व्हायची, पण मुंग्यांपुढे गडी राजा होता.

आणि या राजाने गेल्या वर्षी एक घोळ घातला. कंपनीची शेड गळायला लागली म्हणून मुंग्यांची पेटी उचलून तो थोरल्या बहिणीकडे गेला. ताईने त्याला लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे तिच्या परसात पसारा मांडायला विचारायची गरजच नव्हती. शिकवणीसाठी त्याने कंपनीकडचे कण तिथल्या मातीत मिसळले. उरलेले चाळून परत काढायचे, हे शिकाऊ माणसालाही कळतं. हा ‘करू उद्या’ म्हणाला आणि विसरला.

यंदा कंपनीने त्या गल्लीची पाहणी केली, तीही दुसऱ्याच माणसाने शिकवलेल्या मुंग्या मातीत सोडून. ताईच्या परसातून त्यांनी ताटली भरली. झालं! नऊ घरं पाडून खोदायचं ठरलं. ताईचं घर तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हातांनी बांधलेलं. तो गेल्यावर तिला तेवढाच आधार होता.

मास्तरचं धाबं दणाणलं. त्याने साहेबांपुढे सगळं कबूल केलं.

“बहिणीचं घर आहे म्हणून सांगताय ना?” साहेब म्हणाले.

“नाही साहेब, चूक माझीच आहे. माझे कण नदीतले होते, झिजून गोल झालेले. भिंगातून बघा.”

साहेबांनी बघितलं. माणूस तापट होता, पण वाईट नव्हता. “परसातली वरची माती उचलून न्या आणि नवी पेटी ठेवा. रोज दहाला मी स्वतः येईन. आठ दिवसांत एकही कण आला नाही, तर गल्ली वाचली. तुमच्या नोकरीचं नंतर बघतो.”

सात दिवस ताटली कोरी राहिली. ताईला घास गोड लागत नव्हता. “चार मुंग्या माझं घर पाडणार होय रे?” ती विचारायची आणि मास्तर मान खाली घालायचा.

आठव्या दिवशी साडेनऊला एक मुंगी आली आणि ताटलीत कण टाकून नळीखाली उभी राहिली.

मास्तरने भिंग लावलं. कणाला धारदार कोपरे होते. हा नदीतला नव्हता, त्याचा नव्हता. हा खालचा होता, घराखालचा. म्हणजे चूक त्याची होती, पण सोनंही खरं होतं.

त्याने कण उचलून खिशात टाकला. मुंगी मिशा हलवत थेंबाची वाट बघत होती. अकरा वर्षांत त्याने कुणा मुंगीची मजुरी बुडवली नव्हती. आज त्याने नळी दाबून धरली. त्याला स्वतःची लाज वाटली, पण बोटं सैल झाली नाहीत. थोडा वेळ थांबून मुंगी निघून गेली.

“काही आलं का रे?” ताईने दारातून विचारलं.

“काही नाही गं.”

कितीतरी दिवसांनी ताई हसली. “मग साहेबांनासुद्धा चहा टाकते,” म्हणत ती आत गेली. मास्तरला रडूच आलं.

फाटकाशी गाडी थांबली. मास्तरने डोळे पुसले आणि एकदा ताटलीकडे बघून घेतलं. तीच मुंगी परत येत होती. थेंब मिळाला नाही, म्हणजे आधीचा कण पसंत पडला नाही, हे त्यानेच तिच्या जातीला शिकवलं होतं. या वेळी तिने स्वतःच्या डोक्याएवढा कण ओढून आणला होता, आणि तिच्या मागून एकेक कण तोंडात धरून मुंग्यांची अख्खी रांग चालत येत होती.

“काय मास्तर,” साहेब फाटक ढकलत म्हणाले, “काय म्हणतात तुमचे विद्यार्थी?”