वेलीवरचा हात

बालवाडीचं फाटक उघडायला गेले तर भिंतीपाशी ही गर्दी! मुलं कडेवर, डब्यांच्या पिशव्या हातात आणि सगळ्यांच्या माना वर. पानगळ सुरू झाली की आमच्या भिंतीवरची वेल लालभडक होते, त्यात नवल नाही. पण यंदा उंचावरच्या एका रुंद पानावर लहान मुलाचा हात उमटला होता. पाचही बोटं पसरलेली, लाल पानावर फिकट पिवळा हात.

"अगं बाई, नखंसुद्धा दिसतायत!"

"नखं कुठली, चष्मा लावा आधी."

"हळू बोला हो, पान गळेल."

शिडीवर पानबाबा उभे होते. हे गृहस्थ उन्हाळ्याच्या अखेरीस शेजारच्या आवारात राहायला आले, वेल छाटून देतो म्हणाले, आणि छाटता छाटता तिचे भक्त झाले. मग लोक त्यांचे भक्त झाले. "पानाला जीभ नाही, म्हणून पान खोटं बोलत नाही," ते डोळे मिटून म्हणाले. "मी कोण? मी नुसता वाचणारा." वाचणाऱ्याच्या झोळीत मात्र बरंच काही पडत होतं.

"हा वसंतात गेलेल्या लेकराचा हात आहे," बाबांनी वाचलं.

तो मुलगा माझ्या वर्गातला. पाच वर्षांचा, दम्याचा. झटका आला तेव्हा मी त्याला औषधाचा पंप दिला, रुग्णवाहिका वेळेवर आली, डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं, तरी तो गेला. तेव्हापासून मी आतून बधिर आहे. गाणी म्हणते, नाकं पुसते, मोजे शोधून देते. माझा आवाज मला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येतो.

त्याची आई गर्दीत पुढेच होती. कडेवर धाकटी, तीन वर्षांची, तीही दम्याचीच. बाबांनी पान खुडलं, कानाला लावलं आणि बारीक आवाजात बोलू लागले, "आई, ताईला मी सांभाळतो. तो फुसफुस करणारा डबा तिच्या तोंडाला लावू नकोस." धाकट्या बहिणीला भाऊ ताई म्हणेल का, हे कुणी विचारलं नाही. ओळखपत्राच्या पारदर्शक पाकिटात ते पान घालून बाबांनी धाकटीच्या गळ्यात अडकवलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीच्या दप्तरात पंप नव्हता.

"ताई, थंडी वाढतेय," मी तिच्या आईला म्हणाले. "पंप हवा हो जवळ."

"त्याच्याजवळ होता ना, बाई? मग?"

ती निघून गेली आणि मी मुलांचे कोट खुंट्यांवर लावत बसले.

पालकांसाठी पानगळीच्या सूचना लावायच्या होत्या: उबदार कपडे पाठवा, मोज्यांवर खूण करा, वाळकी पानं गोळा करून आणा. फाटकावरच्या फलकावरून मी उन्हाळ्याचा जुना कागद काढला. त्याच्या सुटलेल्या कोपऱ्याखाली वेलीची पानं अडकली होती. उघडा भाग लाल, झाकलेला भाग पिवळट, आणि मधे पट्टीने आखावी तशी रेघ. मी तिथेच उभी राहिले. ऊन पोचलं नाही तिथे पान लाल झालं नव्हतं. एवढंच!

मागच्या भिंतीवरची वेल उशिरा रंगते. मी मुलांना काळा कागद आणि बोथट कात्र्या दिल्या. कुणी मासा कापला, कुणी चंद्र, एकाने बटाटा कापला आणि तो हत्ती आहे असं सांगितलं. हाताला येतील त्या हिरव्या पानांवर आम्ही ते कपड्यांच्या चिमट्यांनी लावले. इकडे पुढच्या भिंतीवर बाबांचे नवे नवे हात उमटतच होते. माझी रोज एकच धास्ती: धाकटीची छाती आज वाजू नये.

मागची वेल लाल झाल्यावर पालकांना बोलावलं. बाबाही आले, बोलावल्याशिवाय. मुलांनी चिमटे काढले आणि एकच गलका झाला.

"माझा मासा!"

"बाई, हत्ती आला!"

लाल पानांवर पिवळे मासे, पिवळे चंद्र. पालक पुढे येऊन पानं उलटीसुलटी करून बघू लागले.

"पानाला लाल व्हायला ऊन लागतं," मी म्हणाले. "झाकलं तेवढं पिवळं राहतं. यात कुणाचा आत्मा नाही, काळा कागद आहे."

बाबा हसले. "हा पोरांचा खेळ. तिकडे कृपा आहे."

हत्तीवाला धाकटीच्या गळ्यातलं पाकीट निरखत होता. "बाई, कृपेलापण चिमटा चावलाय!" पानाच्या कडेला चिमट्याचे बारीक वळ होते, आमच्या पानांवर होते तसेच.

धाकटीने पाकिटावर आपला पंजा ठेवला. बोटावर बोट बसलं. "माझाच आहे," ती म्हणाली. "शिडीवाल्या आजोबांनी कागदावर गिरवला. गुदगुल्या झाल्या."

मग जो आरडाओरडा झाला त्यात बाबांनी काढता पाय घेतला. शिडी उचलायलाही थांबले नाहीत. लोक त्यांच्या मागे धावले. धाकटीची आई मात्र जागची हलली नाही.

"त्याचा हात एवढा लहान नव्हता," ती म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, बाई."

कितीतरी महिन्यांनी मला दुखलं.

"पंपाने तरी कुठे वाचला तो?" तिने विचारलं.

"त्या दिवशी नाही वाचला," मी म्हणाले. "पण त्याआधी कितीदा वाचला ते आठवा. तो घसरगुंडीवर चढायचा, मित्रांमागे धावायचा, रात्रभर झोपायचा, ते त्या पंपामुळेच. औषध एकदा कमी पडलं म्हणून पान औषध होत नाही."

ती धाकटीला माझ्यापाशी सोडून घरी गेली आणि पंप घेऊन आली. माझ्या हातात देत म्हणाली, "तुम्हीच ठेवा. माझा आता तुमच्यावर विश्वास आहे."

"माझ्यावरही नको ठेवू," मी म्हणाले. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही. "कुणीही सांगितलं, बाबाने नाहीतर बाईने, तरी विचारायचं: कशावरून? करून दाखवा. समजेपर्यंत विचारत राहायचं. लेकरं आपली आहेत."

मी पंप हलवला, नळी लावली, धाकटीला कसं धरायचं, श्वास कधी घ्यायला सांगायचा ते दाखवलं. ती एकटक बघत होती.

"परत एकदा दाखवा," ती म्हणाली. "आणि हा आधी हलवायचा कशासाठी, तेही सांगा."