बुवांचा हातगुण

प्रयोगशाळेत त्या सकाळी पाऊल ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरेट मिळवलेले आणि मिळवू पाहणारे सगळे श्वास रोखून एका टेबलाभोवती उभे होते. बुवांनी बोटाएवढी प्लास्टिकची नळी कपाळाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रथिनाला माणूस कळतो. धसमुसळ्या हातात ते राहत नाही."

बुवा म्हणजे तिथले सर्वांत ज्येष्ठ संशोधक. दरबार भरला होता तो एका रिसेप्टरसाठी. मेंदूतल्या पेशींवर बसून रासायनिक निरोप झेलणारं हे प्रथिन. माणसाचं जनुक दुसऱ्या पेशींत घालून ते बनवून घेतात आणि कुपीवर छापतात, 'फक्त संशोधनासाठी'. कुपीत इतकं कमी असतं, की कंपनीने हवाच विकली की काय असं वाटावं. पाण्यात विरघळवून नळीत ठेवलं, की इतरांकडे ते तासाभरात नाहीसं व्हायचं. बुवांकडे टिकायचं. नळी मात्र त्यांच्या कपाटातली, 'सिद्ध' केलेली. दक्षिणा एकच: शोधनिबंधावर पहिलं नाव बुवांचं.

सगळ्यांत नवख्या विद्यार्थिनीला सगळे धाकटी म्हणत. तिच्याकडे शेवटची कुपी उरली होती. ती वाया गेली की प्रबंध बुडाला.

"नाव पहिलं की दुसरं, विज्ञानाला काय फरक पडतो, मुली?" बुवांनी तिला विचारलं होतं.

"मग दुसरं घ्या ना, सर."

त्या दिवसापासून ती पाखंडी ठरली.

पण तिच्या नाकाने काम केलं होतं. बुवांची एक वापरलेली नळी खिडकीत राहून गेली होती. तिने झाकण उघडलं, तर नासक्या दुधाचा वास. सिद्धीला असा वास कसा येईल? ती विचार करत बसली आणि एकदम हसली.

आणि त्या सकाळी भरल्या दरबारात तिने आपली शेवटची कुपी पाण्यात विरघळवली आणि दोन सारख्याच नळ्यांत निम्मी निम्मी ओतली. एक बुवांना दिली, दुसरी विभागप्रमुख मॅडमना. मॅडमच्या हातून आजवर एकही रिसेप्टर वाचला नव्हता.

बुवा स्वतःच्या कपाटाकडे वळले. धाकटी नम्रपणे म्हणाली, "गुण हाताचा ना, सर? मग नळी कुणाचीही चालेल."

बुवांनी भरपूर पुटपुटून घेतलं. मॅडमनी नळी नुसती टेबलावर ठेवली आणि चहाला गेल्या. तासाभराने मोजणी झाली. बुवांच्या नळीतलं पाणी जवळजवळ कोरं निघालं. मॅडमच्या नळीत रिसेप्टर जसाच्या तसा होता.

"खोलीत कुणीतरी संशय घेतंय," बुवा म्हणाले.

"मॅडमच्या नळीतला नाही घाबरला माझ्या संशयाला."

मग तिने सांगून टाकलं. प्रथिन थोडं असलं, की ते नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतं. नळी आधी साय काढलेल्या दुधात भिजवून धुतली, की दुधातली प्रथिनं भिंतीवरची जागा अडवतात आणि रिसेप्टर पाण्यात राहतो. मॅडमची नळी तिने तशी भिजवली होती, बुवांची कोरी ठेवली होती.

मॅडम बुवांकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"सांगून टाकलं असतं, तर मला कुणी विचारलं असतं का?" बुवा खाली बघून म्हणाले.

मॅडमच्या नळीतल्या रिसेप्टरवर धाकटीचा प्रयोग पार पडला. शोधनिबंधात तिने एक ओळ लिहिली, 'नळ्या आधी दुधात भिजवाव्यात', आणि खाली फक्त स्वतःचं नाव. आता ते काम कुणीही करू शकतं, आणि विज्ञान म्हणतात ते यालाच. तेव्हा पदवी कितीही मोठी असो, हातगुणाची गोष्ट कानावर आली की हात जोडू नका. आधी नेमकं काय केलं, ते विचारा.