टाकीवरचं मांजर

उडणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांनी आपलं मूळ ठिकाण पंधरा दिवसांत कागदोपत्री सिद्ध करावं, असा आदेश निघाला तेव्हा बचाव खात्यात उडणारी कर्मचारी एकच होती. तिला सगळे घार म्हणायचे. साहेबांनी तो आदेश तिच्याच टेबलासमोरच्या फळ्यावर लावला आणि सर्वांनी वाचावा म्हणून खाली सही केली.

घारीला काळजी नव्हती. तिचं मूळ अख्ख्या शहराला तोंडपाठ होतं. एकतीस वर्षांपूर्वी भर दुपारी एका लाँड्रीच्या मागच्या अंगणात आकाशातून धातूचं यान पडलं, आत अकरा महिन्यांची मुलगी निघाली, आणि लाँड्रीत कपडे धुणाऱ्या बाईनं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. यान आता संग्रहालयात होतं. शाळांच्या सहली ते बघायला यायच्या. एका प्राध्यापकांनी त्यावरच्या पुसट अक्षरांवर, म्हणजे अज्ञात लिपीवर, तीनशे पानांचं पुस्तक लिहिलं होतं. त्या अक्षरांची एक नक्कल फॉर्मला जोडली की काम झालं.

फॉर्म कंट्रोल रूममध्ये मिळायचा. तिथली फोनताई डबा उघडून बसली होती. म्हणाली, तू त्या मांजरवाल्या म्हाताऱ्याला काळ्या यादीत टाकलंस तेव्हापासून मंगळवारी दोन घास सुखानं खाता येतात बघ. दोघी हसल्या.

मांजरवाला म्हणजे खात्यातला जुना विनोद. सहा वर्षं दर मंगळवारी त्याचा फोन यायचा, मांजर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर अडकलंय. टाकी चार उंच खांबांवर होती, शिडी केव्हाच गंजून पडलेली. घार जायची, वर झेप घ्यायची, मांजर काखोटीला मारायची. म्हातारा जाडजूड बूट घालून खाली उभा असायचा, मान वर करून. दर वेळी एकच सांगायचा, सावकाश उतरा, घाई करू नका. उतरली की पाण्याचा पेला पुढे करायचा. तिला पुढच्या कॉलची घाई असायची, त्यामुळे तो पेला तिनं कधी हातात घेतला नाही.

गेल्या वर्षी एक बस पुलाच्या कठड्यावर लटकली आणि नेमका त्याच वेळी याचा फोन आला. फोनताईनं गडबडीत दोन पत्ते उलटसुलट दिले. घार मांजराकडे गेली आणि मांजरासाठी निघालेलं झाडं कापणारं पथक पुलावर पोचलं. बसमधले लोक आपले आपण उतरले, कुणाला खरचटलंही नाही, पण घारीला खुलासा लिहून द्यावा लागला. तो राग तिनं म्हाताऱ्यावर काढला. "काका, मांजर सांभाळता येत नसेल तर पाळू नका. पुन्हा फोन आला तर तुमचा नंबरच बंद करीन." तो एवढंच बोलला, "बरोबर आहे तुमचं, ताई." तिनं पुढच्या फोनची वाटही बघितली नाही. संध्याकाळी खात्यात जाऊन नंबर बंद केला.

फॉर्म घेऊन ती संग्रहालयात गेली. सवयीनं छताच्या झरोक्यातून आत उतरली, तर तिची पाठीवरची झूल झरोक्याच्या कडीत अडकली आणि ती पाच मिनिटं एका जुन्या तोफेवर लोंबकळत राहिली. पहारेकऱ्यानं आधी तिकीट मागितलं, मग स्टूल आणलं. यानाचं काचेचं कपाट उघडलं तेव्हा शेजारी एक मेकॅनिक एसी दुरुस्त करत होता. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"मॅडम, हा ड्रम कुठं मिळाला तुम्हाला? कपडे वाळवायच्या मशिनचा आहे. हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला."

पहारेकरी हसला, घार नाही हसली. मेकॅनिकनं रुमालाला थुंकी लावून अज्ञात लिपी घासली. मळाखालून अक्षरं स्वच्छ वर आली: ओले कपडे, जास्तीत जास्त नऊ किलो. त्यानं आत हात घालून एक शर्टाचं बटणही काढून दाखवलं. प्राध्यापकांच्या पुस्तकात याच ओळीचा अर्थ 'आम्ही शांततेने येत आहोत' असा दिला होता.

घरी आई खिडकीपाशी शिलाई मशिनवर तिच्या दुसऱ्या झुलीला टीप घालत बसली होती. घारीनं बटण तिच्यापुढे मशिनवर ठेवलं. आईनं ते उचललं, उजेडात धरलं आणि पाय थांबवला.

"पांढऱ्या शर्टाचं आहे," ती म्हणाली. "त्याचंच असणार. त्याची बटणं सारखी तुटायची."

मग आई बोलत गेली, मधेमधे थांबत. लाँड्रीत एक इस्त्रीवाला होता. माणूस साधा, हात हलका. खोड एकच, गरम झालं की जमिनीपासून सुटायचा. इस्त्री तापली की दुपारपर्यंत वीतभर वर, आणि उन्हाळ्यात तर त्याला टेबलाला बांधून ठेवावं लागे. आईनंच त्याच्या बुटांच्या तळव्यात कपडे तोलायची वजनं शिवून दिली. लग्न झालं, तेव्हा मामा पहिल्यांदा घरी आला. याला वाटलं, पाहुण्यांसमोर जड बूट बरे दिसत नाहीत. अनवाणी बसला, गरम आमटी प्याला आणि सरळ पंख्याला जाऊन लागला. मामा हसून हसून लोळला. पुढे गल्लीभर तेच. टांगलेला आला, टांगलेला गेला.

"आणि तू अकरा महिन्यांची असताना पाळण्यातून वर गेलीस," आई म्हणाली. "मला तुझं नाही, त्या हसण्याचं भ्याव वाटलं. इस्त्रीवाल्याची पोर म्हटलं की हसणार. आकाशातून पडली म्हटलं की हात जोडणार. मागे अंगणात जुना ड्रम पडला होता. तुला त्यात ठेवलं आणि ओरडले."

सगळ्यांनी एका क्षणात विश्वास ठेवला, अकरा महिने पाळणा बघितलेल्या शेजाऱ्यांनीही. लाँड्रीच्या मालकानं तर दुसऱ्या दिवशी पाटीवर तारा काढून घेतला. फक्त ताऱ्यावरच्या मुलीला इस्त्रीवाला बाप असून चालणार नव्हतं. आईनं त्याला समजावलं. तो दुसऱ्या भागात राहायला गेला. जाताना भांडला नाही, त्याचंच आईला इतकी वर्षं टोचत होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"रोज सांगणार होते. मग तुझा फोटो पेपरात आला. मग तुझ्या नावाचा चौक झाला. चौक झाल्यावर कसं सांगायचं, बाई?"

घारीनं विचारलं, आहे कुठे तो. आईनं टीप तशीच सोडली आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "तू ओळखतेस त्याला. दर मंगळवारी जायचीस की. अगं, शिडी नसलेल्या टाकीवर मांजर चढतं कसं, हे सहा वर्षांत एकदाही तुझ्या मनात आलं नाही?"

खरंच आलं नव्हतं. घार खिडकीतूनच निघाली. वाटेत एका जाहिरातीच्या फलकातून आरपार गेली, त्या फलकावर तिचाच फोटो होता. काय बोलायचं ते तिनं ठरवलं होतं. आधी माफी मागायची, मग पाणी प्यायचं, पूर्ण पेला.

त्याच्या खोलीला कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली, मांजर तिच्या पायाशी घोटाळत होतं. म्हणाली, आलात का, चार महिने झाले.

झोपेतच गेले, शेजारीण सांगू लागली. तिनं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर आले आणि नीट निजवावं म्हणून आधी पायातले बूट काढले. झोपतानाही बूट घालायचे ते. भर उन्हाळा, खोली तापलेली; बूट निघाले आणि काका हळूहळू वर जाऊन छताला टेकले. डॉक्टरांनी स्टुलावर उभं राहून नाडी बघितली आणि तिथूनच दाखला लिहिला. आता खाली कसं आणायचं? तिचा स्वतःचा मोबाइल बंद पडला होता, म्हणून तिनं काकांच्या फोनवरून बचाव खात्याला फोन लावला. नंबर फोनमध्ये पहिलाच होता.

"अकरा वेळा लावला, मॅडम. दर वेळी एक बाई गोड आवाजात सांगायची, हा क्रमांक सेवेबाहेर ठेवण्यात आला आहे. शेवटी जाळी काढायच्या झाडूनं ओढलं त्यांना. बरं नाही वाटलं हो. तुम्ही असता तर अलगद उतरवलं असतंत. काका नेहमी म्हणायचे, ती फार छान उतरवते, फक्त घाई करते."

घारीनं विचारलं, माझ्याबद्दल आणखी काही बोलायचे का. शेजारणीनं आठवून पाहिलं. म्हणाली, नाही, फारसं नाही. मागच्या वर्षापासून मंगळवारी गच्चीवर जायचे बंद झाले. मांजर मात्र अजून त्या वेळेला जिन्याकडे बघतं.

शेजारणीनं काकांचा फोन आणि बूट आणून दिले. घारीनं बूट एका हातात घेतले, तर हात खाली ओढला गेला. बस उचलणारी बाई, पण ते बूट तिला दोन हातांनी धरावे लागले.

ते तिनं दाराशी ठेवले, मांजराला उचललं आणि गच्चीवरून झेप घेऊन टाकीवर नेऊन ठेवलं. मांजर सवयीनं कडेला बसलं. खाली येऊन तिनं काकांच्या फोनवरून खात्याचा नंबर लावला. गोड आवाजातल्या बाईनं सांगितलं, हा क्रमांक सेवेबाहेर ठेवण्यात आला आहे. तिनं पुन्हा लावला. मग आणखी एकदा.

वर मांजर ओरडायला लागलं, तेव्हा ती गेली. त्याला काखोटीला न मारता नीट दोन्ही हातांत घेतलं. त्यानं नखं मारली, झूल फाडली, तरी ती वीत वीत करत उतरत राहिली. एवढं सावकाश ती कधी उतरली नव्हती. खाली गच्चीत पाण्याचा पेला घेऊन शेजारीण उभी होती, पण ती घड्याळाकडे बघत होती, घरात दूध तापत ठेवलं होतं. तिनं पेला कठड्यावर ठेवला आणि आत गेली. घार अजून अर्ध्या वाटेवरच होती.