कारासायच्या उतारावरचं दूध

मित्रांनो, मी एक म्हातारा गाढव आहे. उभ्यानेच बोलतो, कारण एकदा बसलो की मला उठवायला दोन माणसं लागतात.

माझा जन्म नारीनच्या डोंगरातला, कारासायच्या कुरणावरचा. घोडीला शिंगरू झालं की तिथे लोक एकमेकांना सांगत सुटतात. मी झालो तेव्हा कुणी तंबूबाहेर डोकावलंही नाही. पण बुरुल्चाने मला वाढवलं. तिच्या नऊ गाई होत्या आणि उन्हाळाभर त्यांचं दूध खाली पुलापर्यंत नेणं हे माझं काम होतं. पाठीवर दोन बाजूंना दोन कॅन आणि तीन तासांचा उतार. पुलावर तारिएल दुधाचा टँकर घेऊन यायचा. पळीभर दुधात थोडं स्पिरिट घालून बघायचा. कण्या दिसल्या, म्हणजे दूध नासायला लागलंय असं कळलं, की म्हणायचा, "परत ने, एजे." एजे म्हणजे ताई. बोलायचा मऊ, पण दूध परतच यायचं.

निम्म्या वाटेवर एक वळण होतं. तिथून पुढे गाडीवाट. त्या वळणावर म्हातारा मोल्दोकान राहायचा. दोन गाई, एक कॅन, आणि तो न्यायला अख्खी घोडागाडी. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात तो बोलून गेला होता, की बुरुल्चाच्या दुधात ओढ्याचाही वाटा असतो. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. म्हणून रोज सकाळी पुढे त्याची जवळजवळ रिकामी गाडी खडखडत जायची आणि मागे तिची धूळ खात, लादलेला मी. जायचं होतं दोघांनाही एकाच पुलावर.

त्या जुलैत ऊन फार तापलं. एका आठवड्यात तिसऱ्यांदा दूध नासलं. बुरुल्चाने कॅन पुलाखाली उपडे केले. कुत्री येऊन चाटू लागली. ती नुसती बघत उभी राहिली. 

दुसऱ्या दिवशी ताजं दूध घेऊन निघालो, तेव्हा ती वळणावर थांबली. मोल्दोकान गाडीला घोडा जुंपत होता.

"बायके," ती म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला तिथे असंच म्हणतात. "रोज एवढी रिकामी जागा पुलावर फिरवून आणता. तिला हवापालट लागतो का?"

"तुझे कॅन ठेवले तर फळ्या कुजतील," तो मान वर न करता म्हणाला. "पाणी मुरतं."

तिने झाकण काढलं, वाडगा भरला आणि पुढे धरला. "प्या."

तो प्यायला. मिशा पुसल्या. मग वाडग्याच्या तळाकडे बघत राहिला.

"पाणी नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी मला चढली होती, म्हणून बोललो."

"मग तीन वर्षं उतरली नाही वाटतं?"

 त्याने माझ्या पाठीवरचे कॅन स्वतः उतरवले, गाडीत ठेवले आणि त्यांच्याभोवती झऱ्यात भिजवलेला लोकरीचा जाड नमदा गुंडाळला. "उद्यापासून उजाडताना इथे ये," म्हणाला. "ऊन चढायच्या आत पूल गाठू."

त्या दिवशी पळीत कण्या दिसल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात पुन्हा दिसल्याच नाहीत.

माझी वाट अर्धी झाली, म्हणून मी खूश झालो. पण दूध वेळेवर पोचतंय हे कळताच कुरणावरच्या आणखी चार तंबूंनी आपापले कॅन आणून दिले. मग एका फेरीच्या तीन झाल्या. तारिएल म्हणे पुलावर कारासायच्या दुधाचं कौतुक करायचा. मी तिथे नसायचो, त्यामुळे ऐकलं नाही.

त्यानंतरच्या चौथ्या उन्हाळ्यात एकदा बुरुल्चा माझ्या अंगावरचा, कॅन बांधायचा पट्टा सोडत होती. माझे केस तिच्या हाताला चिकटून आले. खाली कातडं सोललेलं होतं, जखम जुनी, पिकलेली. ती तशीच शेजारच्या तंबूत गेली आणि हात पुढे करून दाखवला.

"आजपासून याला एकच फेरी."

"मग आमचे कॅन?" शेजारणीने विचारलं.

"तुमच्या घोड्या काय फक्त लग्नात मिरवायला आहेत?"

दुसऱ्या सकाळी उतारावर दोन घोड्या होत्या. त्यांना ते आवडलं नाही. मला आवडलं.

आता माझ्याकडून तेवढंही होत नाही. गुडघे सुजतात. तंबूमागे उभा असतो, पुढ्यात गवत असतं. दूध जातं, वेळेवर जातं. मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी लांबून काहीतरी आणून पोचवत असेल. ओझं उतरवून घेतलंत की लगेच आत जाऊ नका. पट्टा सोडा आणि त्याखाली एकदा हात फिरवून बघा.