पालखी वळली नाही

"अन्या, देवी एकतर माज्या अंगणात येल, नायतर माज्या अंगावरनं जायल!" असं ओरडून शिवा भर वाटेत आडवा पडला.

ढोल थांबले. शिमग्यात आमच्या गावची पालखी घरोघर जाते. त्या साली, दोन हजार सातला, शिवाचं घर तेवढं गाळायचं असं गावकीनं ठरवलं होतं. दारात त्याची बायको सोनूबाई ओटीचं ताट घेऊन उभी, आणि पालखीच्या पुढच्या दांड्याला तिचाच मुलगा अनिल, म्हणजे अन्या.

गुन्हा काय? तर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत शिवानं गावच्या पक्षाविरुद्ध प्रचार केला. ज्या पक्षासाठी जन्मभर लोकांची डोकी फोडली, त्याच पक्षाविरुद्ध! लहानपणी खोतानं त्याच्या बापाला खळ्यात चाबकानं फोडून काढलं, तेव्हा पक्षाची पोरंच खोतावर चालून गेली होती. तेव्हापासून पक्ष म्हणजे शिवाचे आईबाप.

मग पक्षाच्या बाबल्यानं आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला चिऱ्याची खाण काढली. आदल्या साली माघातच विहीर आटली. शिवा जाब विचारायला गेला, तर बाबल्याच्या माणसांनी त्याला तांबड्या धुळीतून फरफटत बाहेर टाकला. त्या दिवशी शिवाचं डोकं फिरलं की ठिकाणावर आलं, तुम्हीच ठरवा. अनिल मात्र त्याच खाणीवर ट्रक चालवतो आणि बापाशी फटकून वेगळा राहतो.

"बाबा, ऊठ," अनिल म्हणाला.

"नाय उटत. इहीर सुकवलान तुज्या बाबल्यानं. मी बोललो, तर देवी माज्यावर का कोपल?"

"ह्ये देवीचं नाय, गावाचं हाय. ऊठ!"

"खाणीचं हाय म्हण की, भाड्या!"

अनिलनं खांदा दुसऱ्याला दिला, कुंपणातली चिव्याच्या बांबूची काठी उपसली आणि बापाच्या पाठीत घातली. शिवा उठेना. मग तोंडावर, मग बरगडीत. काठी फुटली तेव्हा लाथा घालून त्यानं बापाला कडेला लोटला. पुढं कोणी झालं नाही, मेल्यांचे पाय काय जमिनीत रुतले होते? ढोल पुन्हा सुरू झाले आणि पालखी शिवाच्या घरावरून पुढं गेली.

सोनूबाई ताट टाकून धावली. "हात झडतील रं तुजे! अवो, उटा, लांज्याक पोलिसात जाव. ह्ये शिकवलान कुणी ह्याला?"

शिवाला उठवायला आला तो एकटा धाकू, तोही एकाच हातानं. दुसरा हात कोपरात वाकडा. अठ्ठ्याण्णवला धाकूनं दुसऱ्या पक्षाला मत दिलं म्हणून तो हात शिवानंच मोडला होता, आणि बापाला काठी आणून दिली होती अनिलनं.

शिवानं रक्त थुंकलं.

"चला पोलिसात," तो म्हणाला. "पण पयली तक्रार धाकू देयल. माज्या नावाची."

"आता? इतक्या वर्सांनी?" धाकू चक्रावलाच.

"व्हय. त्याबिगर पोरावर तक्रार कुठल्या तोंडानं करू मी?"

धाकूनं चांगल्या हातानं त्याला खांद्याला धरला, आणि दोघं एसटीच्या वाटेला लागले.