ओळखीचा हात

मी फिलोमिनाबाईंचा एप्रन चोरला आणि तो अंगात घालून उंदरांचं रक्त काढायला बसलो.

त्या एप्रनला ऊन खाल्लेल्या भाताच्या तुसाचा मंद वास होता. पिंजऱ्यांत अंथरलेल्या त्या तुसात रोज हात घालून बाईंच्या अंगातच मुरलेला. सातिवलीच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत त्या बसल्या, की नुकतीच प्रार्थना संपल्यासारखी शांतता पसरे. पहिले चार-पाच दिवस रक्ताचं नाव नाही. नुसता उघडा तळवा पिंजऱ्यात, भरतीची वाट पाहणाऱ्या होडीसारखा. एखादा पांढरा जीव हुंगत हुंगत आपण होऊन त्यात चढे. मग कोमट बोळ्यानं शेपटीला ऊब, टोकाला पुसटसा छेद, साखर मोजायच्या पट्टीवर माणकासारखा एकच थेंब, आणि लगेच दाबलेला कापूस.

मी पडलो बी.एस्सी. शेपटी धरून उचल, नळीत कोंब, टोच! बाईंचा एक होईतो माझे दहा. मधुमेहाच्या नव्या औषधाची चाचणी आम्हा दोघांपैकी एकाकडे जाणार होती. आणि नेमक्या त्याच वेळी, प्रयोगशाळेच्या साहेबांसमोर, दहावी पास बाईंनी माझ्या वहीतल्या आकड्यांवर बोट ठेवलं. "साहेब, ही साखर नाय, भीती हाय. उंदीर घाबरला की साखर चढते."

साहेबांनी माझं अख्खं पान खोडलं.

त्या दिवसापासून सूड माझ्या छातीत वैशाखातल्या मिठागरासारखा तापत राहिला. रोज एक नवा खारट थर. उंदीर माणूस वासावरून ओळखतात, एवढं मी पुस्तकात वाचलं होतं. तेव्हा बाईंचा वासच पळवायचा, त्यांच्याच उंदरांकडून त्यांच्याहून कमी साखर वदवून घ्यायची आणि ते आकडे त्यांच्या पुढ्यात आपटायचे! चर्चमधल्या सणाच्या मिस्सेमुळे बाई उशिरा येणार होत्या, ती सकाळ मी निवडली. साक्षीला साहेबांनाही बोलावलं.

पहिला उंदीर खरोखर बाहीपाशी आला, विश्वासानं हुंगू लागला. विजयाच्या त्या धुंदीत माझ्या बोटांनी जुन्या सवयीनं त्याची शेपटी धरली आणि त्याला उचललं. तो किंचाळला, एप्रनवर मुतला, बाकीचे कोपऱ्यात दडले. तसंच टोचलं; साखर बाईंच्या कालच्या आकड्याच्या दुप्पट! मान वर केली, तर दारात बाई. पुढे येऊन त्यांनी उंदीर ओंजळीत घेतला.

चाचणी बाईंनीच केली. त्या खोलीत आता गोदाम आहे; बाई जाऊनही काही पावसाळे उलटले. सूड मात्र अजून शिल्लक आहे, पण घ्यायचा कुणावर? काळ माणूस नेतो आणि त्याच्या तळव्याची ऊब मागे विसरतो. ती आठवली, की ओंजळीतल्या त्या जिवाची थरथर थांबेपर्यंत थांबून साहेबांच्या देखत बाई जे म्हणाल्या, तेही ऐकू येतं:

"एप्रन माझा घातलास पोरा, हात कोनाचे घालशील?"